टर्बो गार होईपर्यंत

वन्सं, हे गाडीत बसून लिहितेय, म्हणून तुला ‘तू’ म्हणतेय. उंबऱ्याच्या आत तुम्ही, अहो, वन्सं. गाडीचं दार लावलं की तू. हा करार तूच केला होतास. “घाटात ‘अहो वन्सं, जरा ब्रेक लावता का’ म्हणेपर्यंत आपण दोघी दरीत पोचू,” असं म्हणाली होतीस. सासूबाई होत्या तोवर आपण तो चोरून पाळला, आणि त्या गेल्यावरही मोडला नाही. आत्ता गाडी अंगणात फणसाखाली उभी आहे, इंजिन बंद आहे आणि मी तुझ्या सीटवर बसलेय. काल चालवताना सीट पुढे ओढली होती. घरी आल्यावर परत मागे, तुझ्या खाचेत नेऊन ठेवली. पाय नीट पोचत नाहीत, पण लिहायला पाय लागत नाहीत.

सांगायचं आहे ते असं, की काल मी गाडी एकटीने वरच्या पाड्यावर नेली. कसं झालं ते सांगते, पण माझ्या क्रमाने सांगणार, आणि तू मध्ये बोलायचं नाहीस. आयुष्यभर तू बोललीस आणि मी ऐकलं. आता तुझी पाळी.

आधी राग सांगून मोकळी होते. श्रावणात त्या दिवशी दुपारी जेवलीस, “जरा पडते ग” म्हणालीस, आणि चहाला उठली नाहीस. लांबचा चढ चढून आल्यावर इंजिन एकदम बंद करायचं नाही, इंजिनात जोराने हवा भरणारा टर्बो तापलेला असतो, त्याला सावकाश गार होऊ द्यायचं, हे मला इतकी वर्षं घोकून घेणारी तू. आणि स्वतः मात्र अशी फटकन. मला तुझा फार राग आला होता. भेटायला आलेल्या बायका म्हणायच्या, “किती छान मरण आलं हो, कोणाला त्रास नाही.” त्रास नाही कसा? मला झाला ना.

आपला धंदा मंडपाचा आणि भांड्यांचा. मामंजींनी सुरू केला, हिशेबाला तुझा भाऊ बसला, पण चालवलास तू. बांबू, ताडपत्र्या, सतरंज्या, माणूस आत बसेल एवढाली पातेली. रानशेतात, डहाणूत, हायवेलगतच्या गावांत टेम्पो जायचा. तलासरीच्या पुढे उजवीकडे वळून डोंगरात शिरलं, की टेम्पो हात टेकायचा, आणि वरची माणसं आपलं सामान डोक्यावरून वाहून न्यायची. दोन हजार चौदा साली तू हट्टाने ही जुनी जीप आणलीस, चारही चाकांनी ओढणारी, टर्बोवाली. तुझा भाऊ म्हणाला, “मंडपवाल्याला जीप कशाला? शिकारीला जायचंय?” तू म्हणालीस, “वरच्यांच्या मुलींची लग्नं होत नाहीत का?” तो हिशेबाच्या वहीत डोकं घालून बसला. तुझ्यापुढे तो नेहमी असंच करायचा, आणि नंतर माझ्यापाशी पुटपुटायचा.

तेव्हापासून आपल्या घरात सकाळचा एक नेम सुरू झाला. आधी गाडीचं पाणी, मग आपला चहा. रात्रभर उभी राहून इंजिन गार असायचं, तेव्हाच बॉनेट उघडायचीस. ती पांढुरकी बाटली, तिच्या अंगावरच्या दोन रेघा. खाली वाकून, बॅटरीचा उजेड बाजूने मारून बघायचीस, वरून नाही. दोन रेघांच्या मध्ये असलं की मान हलवायचीस, जशी डॉक्टरबाई नाडी बघून हलवते. मी त्याला पाणी म्हटलं की मात्र ओरडायचीस. “पाणी नव्हे, कूलंट!” स्वतः रोज पाणीच म्हणायचीस, ते चालायचं.

आणि डहाणूचा तो दुकानदार आठवतो? “ताई, हिरवा संपलाय, लाल घेऊन जा, दोन्ही सेमच आहे.” तू त्याला विचारलंस, “सेम आहे तर दोन रंग काढायची हौस कोणाला आली?” आणि एक हिरवा डबा मिळवायला त्या उन्हात स्टेशनापासून अख्खी बाजारपेठ पालथी घातलीस. दोन रंग एकत्र झाले की आत चिखल होतो, हे मला तेव्हापासून पाठ आहे. कूलंट पातळ करायला विहिरीचं पाणीसुद्धा चालायचं नाही, बॅटरीत घालायचं पाणी विकत आणायचीस. सासूबाई म्हणायच्या, “आमच्या विहिरीचं पाणी गाडीच्या घशाखाली उतरत नाही, बाई!” जाड काळे पाइप तू बोटांनी दाबून बघायचीस, बाजारात चिकू दाबून बघतात तसे. मऊ लागला की बदलायचा. मलाही दाबायला लावायचीस. मला आधी त्यातलं काही कळायचं नाही, नुसती मान हलवायचे. मग एक दिवस खरंच कळलं, आणि मी म्हटलं, “वन्सं, हा खालचा नरम झालाय.” त्या दिवशी तू मला तुझ्या ताटातला पापलेटचा मधला तुकडा दिलास. तसा तो तू कोणालाही देत नव्हतीस.

पण मला जास्त आठवतो तो संध्याकाळचा नेम.

तू एकटी वरून आलीस की गाडी अंगणात लागायची आणि इंजिन चालूच राहायचं. तू आत बसून. मी ओले हात पदराला पुसत बाहेर यायचे आणि खिडकीला टेकायचे. “उतरा की.” “थांब, टर्बो गार होऊ दे.” खरं तर त्याला दोन-तीन मिनिटं पुरे होती, हरेशभाई मेकॅनिकने माझ्यासमोरच सांगितलं होतं. आपला टर्बो मात्र कितीही वेळ तापलेला असायचा. कोणाकडे मुलगी झाली, कोणी आपली सतरंजी जाळली, कुठल्या पाड्यावर भाकरीबरोबर कसली चटणी खाल्लीस, सगळं त्या खिडकीत. घरात आपण दोघी भाजीला मीठ किती यावर बोलायचो, खिडकीत बाकी सगळं. तुझा भाऊ आतून म्हणायचा, “भरली विधानसभा.” तो स्वतः मात्र त्या खिडकीशी कधी आला नाही.

माझी आई गेली तेव्हा तिकडचं सगळं आटोपून मी परत आले, तू स्टेशनावर घ्यायला आली होतीस. घरी पोचलो. तू इंजिन बंद केलं नाहीस. समोर बघत बसून राहिलीस. मी तेव्हा पहिल्यांदा रडले, आणि मनसोक्त रडले. आतून तुझा भाऊ ओरडला, “अगं डिझेल जळतंय!” तू काच वर केलीस. वन्सं, त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. असं म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. आज म्हणते. त्या दिवशी तू होतीस म्हणून माझं निभावलं.

आणि एकदा मी विचारलं होतं, तू लग्न का नाही केलंस. तू बराच वेळ स्टिअरिंगवर बोट फिरवत बसलीस. मला वाटलं, आता सांगणार. “झाला गार,” म्हणून किल्ली फिरवलीस आणि उतरलीस. ते राहिलंच. राहू दे. तुला सांगायचं नव्हतं एवढं मला कळलं, तेवढ्याने भागलं.

आता ते भांडण.

दोन हजार सोळाच्या दसऱ्याला गाडीचा हार मी केला होता. टपोरा झेंडू, दुहेरी ओवलेला, मध्ये आंब्याची पानं आणि कडेला भाताच्या लोंब्या. समोरच्या जाळीवर इकडून तिकडे गच्च बांधला, जाळी दिसेना. तुला तो फार आवडला. चार लोकांना दाखवलास. आणि तुझा नियम असा, की दसऱ्याचा हार आपण काढायचा नाही, तो सुकून आपोआप गळला पाहिजे. कूलंटच्या बाबतीत केसभर इकडचं तिकडे न चालणारी तू, हाराच्या बाबतीत पक्की देवभोळी.

मग वरच्या पाड्यावर जयवंतीचा साखरपुडा होता. पातेली, ताडपत्र्या, ताटांची पोती, गाडी खच्चून भरलेली. ऑक्टोबरचं ऊन. चढ सुरू झाला आणि तू म्हणालीस, “शालू, काटा बघ.” इंजिनाच्या उष्णतेचा काटा रोज असतो तिथून वर सरकला होता. तू हात लांब करून एक बटण फिरवलंस, आणि गरम हवेचा झोत माझ्या तोंडावर आला. गाडीला हीटर आहे हे मला त्या दिवशी कळलं! “वन्सं, वेड लागलंय का?” “इंजिनाची उष्णता आपल्या अंगावर घ्यायची,” तू म्हणालीस, “तेवढंच त्याला हलकं.” तुझं कुंकू वितळून नाकाच्या शेंड्यावर आलं होतं. काटा तरीही चढत गेला, आणि सपाटीवरच्या मोहाच्या झाडाखाली पोचतो न पोचतो तोच बॉनेटखालून वाफ आली.

मी उडी मारून पुढे गेले, रेडिएटरचं झाकण उघडायला. तू माझं मनगट असं धरलंस, की दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत होतं. “तोंड भाजून घ्यायचंय? आतलं उकळतं पाणी अंगावर येईल.” तेवढ्यात जयवंतीचा काका वरून धावत आला, हातात गार पाण्याचा हंडा.

“ताई, वतू का वरशी?”

“थांबा, दादा! तापल्या इंजिनावर गार पाणी पडलं तर तडा जाईल त्याला. माझी गाडी मरेल.”

“मंग आमी काय करावा?”

“भांडी न्या. जेवणं थांबायला नकोत. गाडीचं आम्ही बघतो.”

त्यांनी वर हाक मारली. बायका-पुरुष उतरले, आणि तुझी पातेली पूर्वीसारखी डोक्यावर बसून डोंगर चढायला लागली. तू त्यांच्याकडे बघत होतीस आणि तुझा चेहरा पडला होता. जीप आणूनही पातेली डोक्यावरच गेली, हे तुला लागलं.  आपण झाडाखाली बसलो. वरून भाताचा वास आला तेव्हा कुठे तू उठलीस, झाकणावर तळवा ठेवून बघितलास, जाड फडकं धरून आधी अर्धं फिरवलंस, फुस्स झालं, थांबलीस, मग पूर्ण काढलंस. बाटली कोरडी होती. पाड्यावरच्या हातपंपाचं पाणी थोडं थोडं करून भरलंस आणि दर वेळी त्या पाण्याला नावं ठेवलीस.

मी मात्र पुढे उभी राहून जाळी बघत होते. झेंडू आत ओढला जाऊन जाळीमागच्या रेडिएटरला चिकटला होता. पार भाकरी झाली होती त्याची. वाऱ्याला शिरायला फट नव्हती. मी म्हटलं, “वन्सं, हारामुळे झालं. हवाच जात नव्हती आत.”

“देवाचा हार गाडीला बाधतो होय? पाइपाची क्लिप ढिली आहे. कूलंट गळलंय.”

“गळलं असेल. पण तापली हाराने.”

“क्लिपने.”

परतताना काय केलंस आठवतं? हार काढायचा तर नव्हता. तो उचलून तू छताच्या, सामान बांधायच्या नळीवर टाकलास. “सावलीत सुकू दे,” म्हणालीस. छत भर उन्हात होतं, वन्सं.

तलासरीला हरेशभाईंकडे गेलो. क्लिप खरंच थोडी ढिली निघाली. तू माझ्याकडे असं बघितलंस, की अंगठाच दाखवायचा बाकी ठेवलास. मग त्यांनी रेडिएटरमधून पाकळ्यांचा लगदा काढला आणि मी तुझ्याकडे तसंच बघितलं. “हरेशभाई, खरं सांगा, कशाने तापली?” त्यांना दोन्ही गिऱ्हाइकं टिकवायची होती. “बेउ बेन साचा,” ते म्हणाले, “दोघींचा बरोबर. चाय मागवू का?”

भांडण तिथे मिटायला हवं होतं. नाही मिटलं. कधी कोणी विचारलं, गाडी कशी चालते, की तू म्हणायचीस, “एकदाच तापली, क्लिपमुळे,” आणि मी मागून म्हणायचे, “हारामुळे.” लोक हसायचे. पुढच्या दसऱ्याला मी हार केला, तर तू म्हणालीस, “यंदा वर बांध, छताच्या नळीवर. खाली धूळ बसते.” त्याच्या पुढच्या वर्षीही वरच. मी नुसती नळीवर गाठी मारत होते आणि मला आतून हसू फुटत होतं. तुला ते दिसत होतं आणि तू मुद्दाम दुसरीकडे बघत होतीस. पण तोंडाने ‘हार’ म्हणालीस का? नाव नको. शेवटपर्यंत क्लिप.

तू गेल्यावर गाडी फणसाखाली उभी राहिली. तुझा भाऊ तिच्याकडे बघायचा नाही, पाठ करून बसायचा. एक दिवस म्हणाला, “वेवजी गावचा एक जण आहे, गाडी घ्यायला तयार आहे. चालवणार कोण आता?” मी म्हटलं, “मला येते.” “सपाटीला येते. चढाला कायम तीच असायची.” हे खरं होतं. मला तू मैदानात शिकवलंस, हायवेला चालवायला दिलीस, चढ आला की मात्र “सरक” म्हणायचीस. “वरच्यांना टेम्पोने पायथ्यापर्यंत देऊ सामान,” तो म्हणाला, “पूर्वी नेतच होते ना.” मला तुझा तो मोहाखालचा चेहरा आठवला.

वेवजीचा माणूस येऊन गेला. भला होता. त्याने बॉनेट उघडलं, बाटली बघितली, पाइप दाबून बघितले, आणि म्हणाला, “इंजिन एकदम चोख राखलाय, शेठ.” तुझ्या भावाची छाती फुगली, जसा काही त्यानेच राखला होता. “कधी तापली-बिपली काय?” मी म्हटलं, “एकदा. हारामुळे.” तोंडातून निघून गेलं, आणि मग मागून ‘क्लिपमुळे’ म्हणणारं कोणी नाही हे लक्षात आलं. तुझा भाऊ माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होता. मग त्याने चपलेकडे बघितलं.

तेवढ्यात वरून निरोप आला. जयवंतीला मुलगा झाला होता, ती बाळंतपणाला माहेरी होती, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बारसं, आणि भांडी ताईकडचीच पाहिजेत. मी तुझ्या भावाला म्हटलं, “एक खेप मला नेऊ द्या. एकटीने.”  “ने,” म्हणाला. “नीट जाऊन आलीस तर राहू दे गाडी. नाही जमलं तर परवा देऊन टाकू. आणि मधेच अडकलीस तर त्या भांड्यांवरून रडत बसू नकोस, मला फोन कर.” बघ, तुझा भाऊ तसा वाईट नाही. घाबरतो फक्त.

तर काल. आधी गाडीचं पाणी, मग माझा चहा. खाली वाकून बॅटरी बाजूने मारली. दोन रेघांच्या मध्ये, वरच्या रेघेला लागून. पाइप दाबले. क्लिपा हलवून बघितल्या, सगळ्या, दोनदा. तुझ्यासाठी. तुझा भाऊ ओट्यावरून बघत होता.

हायवेला मजेत होते. गाणं म्हणत होते, खोटं कशाला सांगू. वळण घेऊन डोंगर दिसला तसं गाणं थांबलं. यंदा पाऊस लांबला, गवत पुरुषभर उंच, रस्ता तर दिसतच नव्हता, दोन चाकांच्या वाटांमध्येही गवत. मी चारही चाकांना जोर दिला, पहिला गिअर टाकला आणि बाजूच्या रिकाम्या सीटला म्हटलं, “काटा बघ.” मग माझा मीच बघितला. ठीक होता. पहिल्या वळणाला ठीक. दुसऱ्या वळणाला चाक घसरलं, पातेली एकमेकांवर आपटली, पण गाडी चढली. आणि मग काटा हलला.

 पहिला विचार आला तो असा, की गेली गाडी वेवजीला. दुसरा विचार तुझा आला. हात लांब केला आणि हीटर लावला. घामाने न्हाले, वन्सं, कुंकू नाकावर आलं असणार. इंजिनाचा आवाज चढवला नाही, गिअर बदलला नाही, हळूहळू चढत मोहाच्या झाडापर्यंत नेली. काटा अजून लाल रेघेच्या बराच अलीकडे होता. थांबले, आणि इंजिन बंद केलं नाही. बॉनेट उघडलं, झाकणाला हात लावला नाही, बाटलीकडे बाजूनेच बघितलं. कूलंट जागच्या जागी, गरम झाल्याने उलट थोडं वर आलेलं. कुठे गळत नव्हतं, वाफ नव्हती. मग उरलं काय? हवा. पुढे गेले, तर जाळी गवताच्या कुसळांनी भरून गेलेली, वाळलेल्या गवताची गादीच. मी तिथे उभी राहून मोठ्याने हसले. “बघ! क्लिप म्हणे!” डोंगरात कोणी नव्हतं, म्हणून बरं.

ओंजळीने कुसळं काढली, उरलेली ताटांच्या पोत्यातल्या खराट्याने, हलक्या हाताने, रेडिएटरचे पातळ पत्रे न वाकवता. हातांना टोचली, अजून टोचतायत. बघता बघता काटा खाली उतरला. मग वर गेले.

पाड्यावर सगळे गाडीच्या आवाजाने बाहेर आले. जयवंतीची आई पुढे आली, आत वाकून बघितलं, तुझी सीट, त्यावर मी. “ताईचा कळला आमाला,” म्हणाली, आणि खिडकीला टेकून उभी राहिली. इंजिन चालूच होतं. मी उतरले नाही, तीही हलली नाही. पातेली उतरवून झाली तरी आम्ही तशाच. मग मी उतरले, पाळण्याची गाणी झाली, जेवणं झाली, जयवंतीने बाळ माझ्या मांडीवर दिलं, त्याने माझी साडी ओली केली.

पातेली परत भरून निघताना बघते तर दोन-तीन बायका झेंडूचा हार घेऊन आलेल्या, भाताच्या नव्या लोंब्या घातलेला. जयवंतीची आई म्हणाली, “तुमच्या घरी यंदा सण नाय, ठावा हाय आमाला. पण गाडीला कसला सुतक?” आणि त्या तो समोरच्या जाळीवर बांधायला लागल्या, गच्च, इकडून तिकडे. मी धावले. “समोर नको! वर बांधा, छताच्या नळीवर.”

“वर का?”

काय सांगणार होते? मी म्हटलं, “ताईंचा नियम आहे.” ताईंचा म्हटल्यावर कोणी पुढे विचारलं नाही.

उतार सोपा गेला. घरी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. फणसाखाली गाडी लावली, आणि इंजिन चालू ठेवून बसले. का कोण जाणे, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. तिथून ओले हात पुसत यायची ती मीच, आणि मी तर इथे बसलेली. कोण येणार होतं? एवढं सगळं नीट होऊनही मला तेव्हा एकदम एकटं वाटलं.

तुझा भाऊ बाहेर आला. आधी चाकांकडे बघितलं, मग पातेली मोजली, मग माझ्याकडे. “आत चल, चहा टाकलाय.”

“थांबा,” मी म्हटलं, “टर्बो गार होऊ दे.”

तो परत जाईल असं मला वाटलं. तो गाडीला वळसा घालून आला आणि खिडकीला टेकला, दोन्ही हात काचेच्या कडेवर ठेवून, जसे मी ठेवायचे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वर बघितलं, नळीवरचा हार बघितला, आणि हसायला लागला. हसता हसता डोळे पुसायला लागला.

“काय झालं?”

“तिने सांगू नकोस म्हणून सांगितलं होतं,” तो म्हणाला. “गाडी तापली होती ना तेव्हा, त्याच रात्री. ‘शालूचंच बरोबर आहे रे, हारानेच तापली. पण तिला बोलू नकोस, नाहीतर डोक्यावर बसेल.’ ”

वन्सं! म्हणजे पहिल्या रात्रीपासून? आणि इतकी वर्षं क्लिप, क्लिप, क्लिप? मी हसत होते की रडत होते ते मला सांगता येणार नाही. आतून चहा उतू गेल्याचा वास आला, दोघांनाही आला, पण कोणी हललं नाही. तो म्हणाला, “वेवजीवाल्याला सांगतो उद्या, गाडी द्यायची नाही म्हणून.” मग म्हणाला, “तुला सांगू, लहानपणी ही मला सायकल शिकवायची…” आणि तुझ्याबद्दल बोलायला लागला. तू गेल्यापासून त्याने तुझं नावही घेतलं नव्हतं. मी स्टिअरिंगवर बोट फिरवत ऐकत राहिले.

टर्बो केव्हाच गार झाला होता. किल्ली मी अंधार पडल्यावर फिरवली.